आधी माहीत नसलेलं उत्तर

(थळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



निमंत्रण द्यायला आलेल्या मुलांनी मला सांगितलं, "सर, साडेपाचला ठेवू या. तोवर होड्या लागलेल्या असतील." भरती-ओहोटी बघून व्याख्यानाची वेळ ठरवणारं गाव मला तिथेच आवडलं. आजच्या माझ्या विषयाचं निम्मं सार त्या एका वाक्यात आहे, पण तिथे आपण शेवटी येऊ.

विषय आहे इंजिनीअरिंगचं शिक्षण. समोर तीन प्रकारची मंडळी बसलेली दिसतात. काही जण इथल्या खत कारखान्यातून निवृत्त झालेले. काही जण मुलाला किंवा मुलीला इंजिनीअरिंगला घालण्याच्या विचारात असलेले पालक. आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली ती पोरं, जी सध्या शिकतायत आणि ज्यांचं या आठवड्यात सबमिशन आहे. (हशा) त्यांच्या तोंडावरूनच कळतं.

सुरुवात एका कबुलीने करतो. मी सेकंड इयरला होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तो दोष एकट्या त्या कॉलेजचा नव्हता. हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये व्हेंचुरीमीटरचा प्रयोग होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाइपच्या मध्ये एक अरुंद गळा असतो. पाणी तिथून जाताना त्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. दाबातला हा फरक मॅनोमीटरच्या नळीत पाऱ्याच्या उंचीवरून दिसतो, आणि त्यावरून किती पाणी वाहायला हवं याचा हिशोब करता येतो. दुसरीकडे तेच पाणी पुढे एका टाकीत जमतं. स्टॉपवॉच लावायचं, टाकीत किती वेळात किती पाणी चढलं ते बघायचं. हा झाला प्रत्यक्ष प्रवाह. प्रत्यक्षाला हिशोबातल्या आकड्याने भागलं की एक गुणांक मिळतो. पुस्तकात तो असतो ०.९५ ते ०.९९ च्या दरम्यान.

आमचा आला ०.८१.

पुन्हा केलं. ०.८०. मग आम्ही काय केलं? वरच्या वर्गातल्या एकाची जर्नल आणली. त्यात ०.९७ होता. ०.९७ वरून उलटं गणित करून टाकी भरायला किती सेकंद लागायला हवे होते ते काढलं, आणि तेवढे सेकंद "निरीक्षण" या रकान्यात लिहिले. अगदी जुळून आलेले दिसू नयेत म्हणून एक-दोन ठिकाणी अर्धा सेकंद इकडे-तिकडे केला. सरांनी सही केली. दहापैकी नऊ गुण.

पुढे काही वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यावर, एकदा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं की त्या टाकीची खालची झडप गळत असणार. टाकीत येणारं थोडं पाणी आम्ही मोजायच्या आत निघून जात होतं. म्हणून प्रत्यक्ष प्रवाह कमी भरत होता. म्हणजे त्या दिवशी प्रयोग फसला नव्हता. पाणी कुठेतरी जातंय, जरा बघा, असं तो आम्हाला सांगत होता. आम्ही त्याचं तोंड दाबलं आणि नऊ गुण घेतले.

मागची पोरं हसतायत, म्हणजे अजून तेच चालू आहे. पद्धत फक्त सुधारली असेल. आम्ही जर्नल मागून आणायचो, तुम्हाला मोबाइलवर फोटो मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं थळला कशाला सांगताय? कारण निरीक्षण कशाला म्हणतात याचा एक मोठा इतिहास इथून काही मैलांवर घडला, आणि तो इंजिनीअरिंग शिक्षणाच्या इतिहासाशी अगदी जवळून जोडलेला आहे. त्यातली दोन माणसं आणि एक इमारत आज तुमच्यासमोर ठेवायची आहे.

पहिला माणूस नागावचा. आपल्या अष्टागरातलं नागाव. केरो लक्ष्मण छत्रे, सगळे त्यांना केरूनाना म्हणत. जन्म १८२५. टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण केरूनाना घडले कुठे? कुठल्या पदवीच्या वर्गात नाही. मुंबई विद्यापीठच मुळी स्थापन झालं १८५७ मध्ये. त्याच्या सतरा वर्षं आधी, १८४० च्या सुमारास, पंधरा वर्षांचे केरूनाना मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला लागले. पगार महिना पन्नास रुपये. वेधशाळेचे प्रमुख होते प्राध्यापक ऑर्लेबार. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणं सुरू झाली.

चुंबकीय वेधशाळेतलं काम कसं असतं, याची कल्पना करा. अजून फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रं आलेली नाहीत. टांगलेली चुंबकसूची आहे. ठरलेल्या वेळी जायचं, ती सूची किती हलली ते बघायचं, लिहायचं. पुन्हा ठरलेल्या वेळी जायचं, बघायचं, लिहायचं. सूची आता कुठे असायला हवी, हे पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही. वरच्या वर्गातल्या कुणाची जर्नल नाही. जो आकडा दिसेल तोच आकडा. आणि दिसला नाही तर रकाना मोकळा सोडायचा, मनाने भरायचा नाही.

माझं म्हणणं असं, की एका पंधरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगली लॅब मिळाली नसती. यंत्रं विलायती होती म्हणून नव्हे. उत्तर आधी माहीत नव्हतं म्हणून.

या शिक्षणाचं पुढे काय झालं ते बघा. केरूनाना पुण्याला गेले, सृष्टिशास्त्र आणि गणित शिकवू लागले. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातही त्यांनी शिकवलं, डेक्कन कॉलेजात शिकवलं. आणि त्याच वेळी एक मोठं भांडण अंगावर घेतलं: पंचांगाचं. जुन्या ग्रंथांवरून मांडलेलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक पडत चालला होता. पंचांगात ग्रह एका जागी, आभाळात दुसऱ्या. केरूनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ काढला, आणि पुढे त्यांच्या गणिताने नवं पंचांग सुरू झालं. आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयामुळे त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. लोकांनी ते चटकन स्वीकारलं असं नाही. पण त्यांचा आग्रह सरळ होता: आकाशाशी जुळत नसेल तर आकडा बदला, आकाश बदलता येणार नाही.

आमच्या बॅचने नेमकं उलटं केलं होतं. आकाशच बदलून टाकलं होतं. (हशा)

ते ज्या पुण्याच्या कॉलेजात शिकवायचे, त्याची जन्मकथा आज फार कुणाला माहीत नसते. आज आपण त्याला सीओईपी म्हणतो. १८५४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. नावात दोन तुकडे आहेत, एक वर्ग आणि एक यंत्रशाळा. हेतू मर्यादित होता. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाची माणसं हवी होती. रस्ता आखणारी, पाणी मोजणारी, बांधकामावर उभी राहणारी. सरकारने काही ज्ञानदानाच्या कळवळ्याने शाळा काढली नव्हती. पण हेतू मर्यादित असल्यामुळेच त्यात हातकाम होतं.

पुढच्या दशकात कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं, पदवी आली. एल.सी.ई. म्हणत तिला. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये तिथूनच ती परीक्षा उत्तीर्ण झाले. पदवी आली हे चांगलंच झालं. भारतीय माणसाला वरच्या जागेवर जाण्याचा एक दरवाजा उघडला. पण त्याबरोबर एक भिंतही उभी राहिली, असं माझं वाचन आहे. विद्यापीठाची परीक्षा लेखी. लेखी परीक्षेत वर्कशॉपमधला हात दिसत नाही. ज्याचे गुण मिळतात तो विषय मोठा, ज्याचे मिळत नाहीत तो "करून टाकायचा". त्यात आपल्या समाजात हाताने काम करणारा खालचा आणि बसून लिहिणारा वरचा ही उतरंड आधीपासूनच पक्की होती. इंग्रजांनी ती निर्माण केली नाही. त्यांच्या परीक्षेला ती आयती मिळाली, एवढंच.

हा रोग नवा नाही हे सांगण्यासाठी एकच दाखला. १९१६ ते १८ या काळात भारतीय औद्योगिक आयोगाने देशभर फिरून साक्षी घेतल्या. यंत्र अभियंत्याचं शिक्षण रेल्वेच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या वर्कशॉपला जोडलेलं असावं, हा त्यांच्या म्हणण्यातला एक मुख्य मुद्दा होता. शंभर वर्षांपूर्वी. आज एखादी समिती "उद्योगाशी जोडणी हवी" असं म्हणते तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी हे आठवावं.

आता दुसरा माणूस. त्याने उलटा प्रवास केला. केरूनाना या किनाऱ्यावरून पुण्याच्या कॉलेजात गेले. हे गृहस्थ पुण्याच्या कॉलेजातून या किनाऱ्यावर आले. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. पुण्याला एल.सी.ई. झाले, मग एडिंबराला जाऊन विज्ञानाची पदवी घेतली. १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर.

त्यांच्यापुढे प्रश्न आला तो ट्रामचा. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. आता त्या विजेवर चालणार होत्या. विजेचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून वाहणार म्हणजे चुंबकसूची थरथरणार. साठ वर्षांची अखंड नोंद, जगातल्या मोजक्या लांब नोंदींपैकी एक, ती ट्रामच्या पायी निकामी होणार. शहराला ट्राम नको म्हणून सांगता येत नाही. म्हणून वेधशाळाच हलवायची ठरलं. कुठे? फार लांब नको, कारण चुंबकक्षेत्र फार वेगळं नको. फार जवळ नको, कारण ट्राम. निवड झाली अलिबागची.

तुमच्यापैकी अनेकांनी ती इमारत येता-जाता पाहिली असेल. आत काय आहे याचा विचार किती जणांनी केला? ती बांधताना अट अशी होती की बांधकामात लोखंड नको. खिळासुद्धा नको. आपल्याकडचा काळा दगड वापरावा तर त्यातच लोहखनिज असतं, बेसाल्ट स्वतः थोडा चुंबकीय असतो. म्हणून पोरबंदरचा दगड आणला, जो चुंबकीय नाही. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या परीक्षेत "बांधकामासाठी दगडाची निवड" असा प्रश्न येतो. उत्तर असतं: टिकाऊपणा, भार सोसण्याची ताकद, उपलब्धता. या सगळ्यांत आपला काळा दगड पहिला आला असता. इथे मात्र तो नापास, कारण इमारतीचं काम वेगळं होतं. कुठल्याही पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथे चाललं नसतं.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९०४ मध्ये अलिबागला निरीक्षणं सुरू झाली. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. पुढची दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? जागा बदलली की आकडा बदलतो. जुन्या मालिकेला नवी मालिका जोडायची तर दोन्ही जागांमधला फरक माहीत हवा, आणि तो अंदाजाने ठरवायचा नाही, मोजायचा. दोन वर्षं दुप्पट माणसं, दुप्पट खर्च, फक्त एका सांध्यासाठी. तो सांधा नीट बसवला म्हणून कुलाबा-अलिबागची नोंद आज पावणेदोनशे वर्षांच्या पुढे गेली आहे आणि जगभरचे लोक ती वापरतात.

आमची बॅच तिथे असती तर? एका दुपारी बसून दोन वर्षांच्या नोंदी तयार केल्या असत्या. छान जुळवून. (हशा)

हसू नका, कारण इथे हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. पदवी घेऊन मी आधी कारखान्यात लागलो. इथून दूर, नाव महत्त्वाचं नाही. रात्रपाळी. दर तासाला लॉगशीटवर दाब, तापमान वगैरे लिहायचं. एका तासाला मी वर चढून गेज बघायचा कंटाळा केला आणि मागच्या तासाचाच आकडा थोडा बदलून लिहिला. हाताला सवय होती ना! सोबत एक जुने ऑपरेटर होते, दहावीपर्यंत शिकलेले. त्यांनी शीट पाहिली आणि शांतपणे विचारलं, "साहेब, हे रीडिंग आहे की आठवण?"

सुदैवाने त्या रात्री काही झालं नाही. पण इथे आरसीएफमध्ये काम केलेली मंडळी बसली आहेत. १९८५ पासून थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. उच्च दाब, उच्च तापमान, आणि वायू असा की गळला तर गाव रिकामं करावं लागेल. तिथल्या लॉगशीटमध्ये आठवण लिहिली तर काय होईल, ते यांना विचारा. कॉलेजात बनवलेला खोटा आकडा कॉलेजात राहत नाही. तो मुलाच्या हाताला सवय म्हणून चिकटतो आणि त्याच्याबरोबर कामावर जातो. म्हणून मी या विषयावर बोलतोय. लॅबमुळे मुलांना नोकरी लागते, हा मुद्दा खरा आहे, पण दुय्यम. मूळ प्रश्न खरेपणाचा आहे.

मग बिघडलं कुठे? १९८३ साल घ्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी जागा इतक्या कमी की आपली मुलं कर्नाटकात जाऊन शिकत. त्या निर्णयाने हजारो घरांत पहिला इंजिनीअर आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे १९८९ मध्ये आपल्या जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आलं, आणि नंतर राज्यभरची कॉलेजं त्याला संलग्न झाली. कॉलेजं वाढली, यंत्रं खरेदी झाली. पण यंत्र विकत घेता येतं, यंत्रापाशी उभा राहून "हा आकडा असा का आला?" असं विचारणारा शिक्षक विकत घेता येत नाही. तपासणीला येणारी समिती यंत्रं मोजते. यंत्रावरची धूळ मोजत नाही.

त्याच १९८३ साली, पुणे जिल्ह्यात पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेत शिकलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ते सोडून पाबळला गेले. त्यांच्याकडे येणारी बरीच मुलं शाळेने नापास ठरवलेली. त्यांना त्यांनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, स्वयंपाक असं सगळं करायला लावलं, आणि करता करता त्यामागचं विज्ञान शिकवलं. सराव म्हणून केलेली वस्तू फेकून द्यायची नाही. गावाला लागणारी खरी वस्तू करायची, गिऱ्हाईक तिला नावं ठेवेल ती ऐकायची. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपली 'फॅब लॅब' देशोदेशी न्यायला घेतली, तेव्हा सुरुवातीच्या जागांमध्ये पाबळ होतं. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन वाटा. पहिलीने संधी वाढवली, दुसरीने रीत दाखवली. दोन्ही एकत्र यायला हव्या होत्या, त्या अजून पुरत्या आलेल्या नाहीत.

आता 'ॲक्टिव्ह लर्निंग' या शब्दाकडे येतो. हल्ली प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात तो असतो. साधा अर्थ असा, की वर्गात मुलाने नुसतं ऐकायचं नाही, काहीतरी करायचं. विचार करायचा, शेजाऱ्याशी वाद घालायचा, अंदाज सांगायचा. याने फरक पडतो का? २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापास होणारे सुमारे ३४ टक्के, सक्रिय वर्गात सुमारे २२ टक्के. निव्वळ व्याख्यान देत असताना हे सांगतोय, याची मला जाणीव आहे. (हशा)

पण त्याहून बोलकं संशोधन २०१९ चं आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या मुलांचे दोन गट केले. एकाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला तोच भाग सक्रिय पद्धतीने. दुसरा गट जास्त शिकला. पण विचारल्यावर त्याच मुलांना वाटत होतं की आपण कमी शिकलो! व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना आपलं अज्ञान दिसतं, आणि ते टोचतं. म्हणून पालकांनो, तुमची मुलगी घरी येऊन म्हणाली की "ते सर काही शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात", तर लगेच तक्रार करायला जाऊ नका. आधी चौकशी करा. खरंच शिकवत नसतील, तेही शक्य आहे. (हशा) पण कदाचित तेच सगळ्यात जास्त शिकवत असतील.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी हातकामाचं नुसतं कौतुक करतोय असं वाटेल. माझ्याकडे एक मुलगा होता, कोळ्याच्या घरातला. घरी मशीनची होडी. इंजिनांच्या पेपरात दोनदा नापास. एकदा लॅबमधलं डिझेल इंजिन सुरू होईना. आम्ही पुस्तक काढून बसलो. हा म्हणाला, "सर, हवा धरलीय." पाना घेतला, डिझेलच्या लाइनवरचा स्क्रू सैल केला, फेसाळ डिझेल जाऊ दिलं, साफ धार आल्यावर आवळला. इंजिन सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मी विचारलं, "लाइनमध्ये थोडी हवा राहिली तर इंजिन का चालत नाही?" त्याला सांगता येईना. "नाही चालत, सर." हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. पंपाचा सगळा जोर हवा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. हे त्याला त्या दिवशी पाच मिनिटांत कळलं, कारण त्याच्या हाताला ते आधीच माहीत होतं. आणि बाकीच्या ज्या मुलांना "डिझेल दाबलं जात नाही" हे वाक्य पाठ होतं, त्यांनाही ते त्याच दिवशी कळलं. नुसता हात आंधळा, नुसतं पुस्तक लुळं. तो मुलगा पुढे पास झाला. पण माझ्या मनात राहिलं ते हे की दोन वर्षं आम्ही त्याला एकदाही तो काय जाणतो हे विचारलं नव्हतं.

शिक्षक मित्र मला विचारतात, "सर, एका बॅचला वीस-बावीस मुलं, एक यंत्र, तेही बंद. सिलॅबस संपवायचा. करायचं काय?" खरी अडचण आहे. मी तीनच गोष्टी सांगतो, पैसे न लागणाऱ्या.

एक. यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा. वाहतं पाणी निम्मं केलं तर पाऱ्यातला फरक किती होईल? निम्मा म्हणणारे बरेच निघतात. होतो पाव. चुकीचा अंदाज लिहून बसलेला मुलगा मॅनोमीटरकडे असा बघतो, की जणू क्रिकेटचा शेवटचा बॉल आहे.

दोन. उत्तर आधी माहीत नसलेला एक तरी प्रयोग दर सत्रात हवा. कॉलेजच्या गच्चीवरच्या टाकीतून खालच्या नळापर्यंत येताना किती दाब वाया जातो? हे कुठल्याच पुस्तकात नाही, आणि दरवर्षी पाइप गंजत जातो म्हणून मागच्या वर्षीची जर्नलही चालत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात अवघड. गुण आकड्याला देऊ नका, आकड्याच्या हिशोबाला द्या. ०.८१ आला? छान. का आला असेल, तीन कारणं लिही आणि त्यातलं एक तपासून दाखव. ज्या दिवशी ०.८१ ला ०.९७ पेक्षा जास्त गुण मिळू शकतील, त्या दिवशी जर्नल मागून आणायचं कारणच उरणार नाही. पुण्यात परीक्षा आली आणि हात मागे पडला, ही जुनी गाठ जिथे बसली तिथेच ती सोडवावी लागेल. प्रयोगशाळा कितीही चकचकीत करा, परीक्षा जे विचारेल तेच मुलं शिकणार.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. होड्या. समोर खांदेरी-उंदेरी दिसतायत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं बेटाभोवती पहारा देत होती. तरी या किनाऱ्यावरून लहान होड्या रात्री सामान घेऊन बेटावर पोचत राहिल्या. कारण कुठे किती पाणी आहे आणि ते कधी उतरतं, हे त्या होड्यांवरच्या माणसांना माहीत होतं. ते ज्ञान कुणीतरी, कधीतरी, बघून मिळवलेलं होतं.

मागच्या पोरांना माझं एक काम आहे. सबमिशन झालं की एक लांब बांबू घ्या, त्यावर फुटाच्या आणि इंचाच्या खुणा करा आणि धक्क्यापाशी पाण्यात पक्का बांधा. महिनाभर, दिवसा ठरलेल्या वेळांना पाणी कुठवर आलं ते लिहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे तुमच्या आजोबांना माहीत आहे. तुमच्या आकड्यात ते दिसतं का बघा. अमावास्या-पौर्णिमेला किती चढतं, अष्टमीला किती, आलेख काढा. छापील वेळापत्रकाशी ताडून बघा. वाऱ्याच्या दिवशी फरक पडेल. तो खोडू नका, त्याच्यापुढे लिहा: "वारा होता." एखाद्या दिवशी जायला जमलं नाही तर तो रकाना मोकळा सोडा.

नागावचा पंधरा वर्षांचा मुलगा १८४० मध्ये मुंबईच्या वेधशाळेत हेच शिकला. तुम्हाला मुंबईलाही जायला नको. वही घेऊन धक्क्यावर या. महिन्याने मी परत येईन, आणि वही बघायला मागेन. मोकळे रकाने दिसले तर मला आनंद होईल. एकही मोकळा नसेल, तर मात्र मी त्या ऑपरेटरांचाच प्रश्न विचारणार आहे.